वाय अक्ष एक, मोटर दोन : गॅन्ट्री काटकोनात कशी आणायची?

प्रश्न : घरी सीएनसी राउटर (कॉम्प्युटरच्या सूचनांवर कापणारं यंत्र) बनवलाय, गॅन्ट्रीला (टूल धरून पुढे-मागे सरकणारा आडवा पूल) दोन्ही बाजूंना एकेक स्टेपर मोटर आहे. मशीन चालवायला लिनक्ससीएनसी २.८ हे सॉफ्टवेअर टाकलंय आणि एकाच स्टेप पल्सवर (मोटरला एक पाऊल फिरायला सांगणारा सिग्नल) दोन्ही ड्रायव्हर जोडलेत. मशीन चालतं पण चौकोन कापला की जरासा तिरका येतो, होम करूनही (स्विचपर्यंत नेऊन मूळ जागा ठरवूनही) फरक पडत नाही. जुन्या माहितीत गॅन्ट्रीकिन्स असं काहीतरी दिसतं, ते टाकायचं का?

उत्तर : गॅन्ट्रीकिन्सच्या मागे लागू नका, ती जुनी पद्धत, आता ट्रिव्हकिन्सच ते काम करतं (कोणत्या अक्षामागे कोणती मोटर हे ठरवणारे हे लिनक्ससीएनसीचे भाग). २०२० मध्ये २.८ आलं तेव्हापासून अक्ष आणि जॉइंट या दोन वेगळ्या गोष्टी झाल्यात आणि तुमचं उत्तर त्यातच आहे. जीकोडला, म्हणजे हालचालींच्या सूचनांना, वाय हा एकच अक्ष माहीत असतो, पण त्याच्यामागे जॉइंट दोन, प्रत्येकाची मोटर वेगळी, स्केल (एका मिमीला किती स्टेप) वेगळा, होम स्विचही वेगळं. तुम्ही पल्स वाटून दिलाय म्हणजे कंट्रोलरला जॉइंट एकच दिसतोय, मग एक बाजू थांबवून दुसरी पुढे नेणार कशी? म्हणून आधी दोन्ही ड्रायव्हरना वेगळ्या स्टेप-डायरेक्शन पिना द्या आणि दुसरं स्विच बसवा.

मग आयएनआय फाइल, म्हणजे मशीनच्या सेटिंगची फाइल. किन्सच्या सेक्शनमध्ये ट्रिव्हकिन्सला कोऑर्डिनेट्स एक्सवायवायझेड आणि किन्सटाइप बोथ द्यायचं, जॉइंट्स ४, आणि ट्रॅजच्या सेक्शनमध्येही कोऑर्डिनेट्स एक्सवायवायझेडच. मोजणी ० पासून असते, म्हणजे एक्स ०, वायचे १ आणि २, झेड ३. जॉइंट १ आणि २ चे वेग, अ‍ॅक्सिलरेशन, लिमिट अगदी सारखे ठेवा. एक मोटर उलटी फिरत असेल तर वायरी बदलत बसू नका, त्या जॉइंटच्या स्केलचं चिन्ह उलटं केलं की झालं.

खरी किल्ली होम सिक्वेन्समध्ये, म्हणजे कोणता जॉइंट कितव्या क्रमाने होम होतो त्या आकड्यात आहे. झेडला ०, एक्सला १, आणि वायच्या दोन्ही जॉइंटना -२. हा वजा आकडा फार महत्त्वाचा, त्यामुळे दोन्ही जॉइंट आपापलं स्विच शोधतात, जो आधी पोचला तो दुसऱ्यासाठी थांबतो आणि होम पोझिशनकडची शेवटची चाल दोघं एकत्रच करतात. शिवाय होम व्हायच्या आधी या जॉइंटना एकेकटं जॉग करता (बटण दाबून हलवता) येत नाही, आणि ते चांगलंच आहे, कारण चुकून एकच बाजू हलवली की गॅन्ट्री आखडते.

पहिलं होमिंग करायच्या आधी स्विचची अदलाबदल झालेली नाही ना हे तपासाच, यावर मी हट्टाने सांगतेय. गॅन्ट्री मधोमध आणा, सर्च वेग अगदी कमी ठेवा, एक हात इमर्जन्सी स्टॉपवर, आणि होमिंग चालू असताना एक स्विच बोटाने दाबा, त्याच बाजूची मोटर प्रतिसाद देते का बघा. दुसऱ्या बाजूची दिली तर स्विचच्या वायरी उलट आहेत, आणि तसंच चालू दिलं तर एक बाजू स्विच दाबून पुढे जातच राहील आणि दुसरी मात्र जागेवर उभी.

आता काटकोन. मोठ्या आयताच्या चार कोपऱ्यांवर उथळ भोकं पाडा आणि दोन्ही कर्ण मोजा. समजा आयत ६०० बाय ८०० मिमी आहे, कर्ण दोन्ही १००० यायला हवेत पण एक १००१ आणि दुसरा ९९९ आला. कर्णांचा फरक २ गुणिले त्यांची बेरीज २०००, भागिले दोन बाजूंच्या गुणाकाराची चौपट म्हणजे १९,२०,०००, उत्तर येतं साधारण ०.००२०८. त्याला गॅन्ट्रीच्या दोन बाजू सरकवणाऱ्या स्क्रूंमधल्या अंतराने गुणा, ते ७२० मिमी असेल तर १.५ मिमी. एवढाच बदल एका जॉइंटच्या होम ऑफसेटमध्ये (स्विचची जागा कोणत्या आकड्यावर धरायची ते) करायचा. ऑफसेट वाढवला की ती बाजू मायनसकडे सरकते हे लक्षात ठेवा. होमची किंमत (स्विच सापडल्यावर शेवटी जायची जागा) मात्र दोघांना सारखीच. परत होम करा, परत भोकं पाडा, परत मोजा.

प्रश्न : ऑफसेट लावून काटकोन जमतो, पण पॉवर बंद केली की गॅन्ट्री आपोआप थोडी फिरते. सेटिंग चुकलंय का?

उत्तर : सेटिंग बरोबर आहे, फ्रेमवर ताण आहे. मोटरी गॅन्ट्रीला जबरदस्तीने काटकोनात धरून ठेवतायत आणि पॉवर गेली की ती आपल्या मूळच्या तिरक्या जागी जाते. मोटरी बंद ठेवून गॅन्ट्रीचे बोल्ट सैल करा, हाताने काटकोनात आणून घट्ट करा, आणि ऑफसेट फक्त उरलेल्या थोड्याशा फरकासाठी वापरा. बॉलस्क्रू आणि रेल नाहीतर उगाच झिजतील. आणि पॉवर परत चालू केली की दरवेळी होम करायचंच.

प्रश्न : वायला एकच स्विच आहे, भागेल का? आणि एका बाजूच्या स्टेप चुकल्या तर सॉफ्टवेअर थांबेल ना?

उत्तर : मशीन चालेल, काटकोन मात्र आपोआप येणार नाही. दोन्ही बाजूंना पक्के ठोकळे बसवा आणि ड्रायव्हर चालू करायच्या आधी गॅन्ट्री त्यांना टेकवून घ्या, दुसरं स्विच बसेपर्यंत एवढंच करता येईल. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर नाही. साध्या स्टेपरमध्ये स्टेपजेन (लिनक्ससीएनसीचा पल्स तयार करणारा भाग) स्वतः पाठवलेले पल्सच मोजतं, मोटर खरंच फिरली का हे त्याला कळत नाही, त्यामुळे फॉलोइंग एररही (सांगितलेली आणि मोजलेली जागा जुळत नसल्याची चूक) येणार नाही. क्लोज्ड लूप ड्रायव्हर (मोटर खरंच फिरली का हे तपासणारे) असतील तर दोघांचे अलार्म आउटपुट इमर्जन्सी स्टॉपच्या साखळीत घ्या आणि एनेबल (ड्रायव्हर चालू-बंद करणारा सिग्नल) एकत्र ठेवा, म्हणजे एक बाजू अडकली की दुसरीही लगेच थांबेल.