खापरांपासून सुरुवात कर

प्राचीन इजिप्तचं लिखाण वाचायला शिकायचंय ना? मग चित्रलिपी पाठ करायचा नाद आधी सोड. खापरांवर ती क्वचितच सापडेल. तिथं हिअरॅटिक असते, चित्रलिपीचं मोडीसारखं रूप, बोरूनं भरभर ओढलेली, उजवीकडून डावीकडे. उत्तरकाळात डेमोटिक (हिअरॅटिकहूनही भरभर लिहायची लिपी), ग्रीक आणि कॉप्टिकही (बहुतेक ग्रीक अक्षरांत लिहिलेली इजिप्तची भाषा). फुटक्या माठाचा तुकडा फुकट मिळायचा, पपायरसचा कागद महाग. म्हणून हिशेब, पावत्या, उधाऱ्या, पोरांचे धडे सगळं खापरावर.

सुरुवात देर अल-मदीनापासून कर. राजांच्या कबरी खोदणाऱ्या कारागिरांचं हे गाव. इथं चुनखडीच्या कपच्यांवरही लिहीत. लिहिलेल्या खापरांसारखं त्यांनाही ऑस्ट्राकाच म्हणतात. ब्रिटिश म्युझियममधला हजेरीपट अशाच दगडावर आहे, राजा दुसऱ्या रामसेसच्या कारकिर्दीच्या ४०व्या वर्षाचा. काळ्या शाईत नाव आणि खाड्याची तारीख, वर तांबड्या शाईत कारण: विंचू चावला, डोळे आले, बिअर गाळत होता! (आपला मस्टर याहून सभ्य नसतो.) त्याचा फोटो मोठा करून आधी फक्त तांबडे शब्द शोध.

खापराचा फोटो बघताना अक्षरांआधी कडा बघ. ओळ कडेशीच तुटली असेल, तर तुकडा लिहिल्यानंतर फुटलाय. पुढचा मजकूर गेलाय, तो मनानं भरू नकोस. आणि ऑनलाइन कुणी ‘अस्सल’ खापर विकत असेल तर घेऊ नकोस. ते नकली नाहीतर चोरीचं असण्याचा धोका मोठा.