ठिपके काढतोय तर काढू दे की

नमस्कार. तुमचं पत्र दोनदा वाचलं. पोरगं बीएस्सी मॅथ्सच्या दुसऱ्या वर्षाला, मार्क बरे, पण रात्री दोन-दोनपर्यंत लॅपटॉपवर भवानी मंडपाच्या फोटोवर 'लाल ठिपके काढत बसतंय', म्हणून त्याला तिथनं काढून परत सीईटीला बसवायचं आणि कॉम्प्युटर इंजिनिअरिंगला घालायचं 'आम्ही ठरवलंय'. हे आम्ही म्हणजे कोण ओ? दीड पानात चुलत्याचं मत आहे, शेजाऱ्याच्या पुण्यातल्या पॅकेजवाल्या पोराचं आहे, तुमच्या पोराचं एका ओळीतपण नाही. भावकीत बसून ठरवायला ही काय जमिनीची वाटणी आहे का? मला मार्कांची नाही, ह्याची काळजी वाटली.

आता ते ठिपके. फोटोतले कोपरे प्रोग्रॅमनं शोधायचे आणि तिथं लाल ठिपका मारायचा, हे चाललंय त्याचं. तुम्ही म्हणताय हे सगळं रेडीमेड मिळतंय, एक ओळ टाकली की झालं, गणित कशाला. ओपनसीव्ही म्हणून फोटोवर काम करणाऱ्या तयार कोडचा संच आहे, त्यात एका ओळीत होतं, खरंय. पण एक करा, कागदाला बारीक भोक पाडा, त्याच फोटोवर ठेवा आणि जरा जरा सरकवा. भोकात नुसतं आभाळ असलं तर काहीच बदलत नाही, भिंतीची कड असली तर कडेकडेनं सरकवल्यावर तसंच दिसतं पण आडवं सरकवलं की बदलतं, आणि कोपरा असला की कुठंही सरकवा, बदलणारच. हॅरिस आणि स्टीफन्सनी 1988 साली हेच गणितात बसवलं, दोन बाय दोनचं मॅट्रिक्स, त्याच्या दोन आयगेनव्हॅल्यू, म्हणजे कुठल्या दिशेला किती बदलतंय ते सांगणारे आकडे, दोन्ही मोठ्या आल्या की कोपरा. पोरगं वर्गात शिकतंय तेच की हे! फोटो फिरवला तरी कोपरा सापडतो, पण लई मोठा केला की गोलसर कोपरा त्या भोकातनं सरळ कडेसारखा दिसतो आणि ठिपका गायब. तिथं एक ओळवाला डोकं खाजवत बसतो. ह्याच दुखण्यावर डेव्हिड लोनं 1999 ला सिफ्ट नावाची पद्धत आणली, फोटो लहानमोठा झाला तरी चालणारी, तेपण गणितच.

बीएस्सीनंतर पुढच्या शिक्षणाच्या प्रवेश परीक्षा आहेत, जॅम आहे, एमसीए सीईटी आहे, गेट आहे, तारखा साइटवर बघा. नुसत्या बीएस्सीवर मोठं पॅकेज मिळंल असं खोटं सांगणार नाही, पायथन आणि सी++ पक्कं करायलाच पाहिजे.

आणि शिरोलीला एखाद्या फौंड्रीत ओळख असली तर त्याला घेऊन जावा, कास्टिंगचे फोटो काढू दे, कास्टिंगमधल्या भोकाची कड प्रोग्रॅमला सापडत्या का बघू दे. पुढचं पत्र मात्र त्यानं लिहायचं, तुम्ही नाही. ठिपक्यांचा फोटो जोडायला सांगा.