कोलोनोस्कोपीत गाठ दिसली, कॅन्सरची शंका आहे. उपचार सुरू होईपर्यंतचे दिवस कसे काढायचे?

तुम्ही लिहिलंय की बायोप्सीचा रिपोर्ट यायला आठवडा आहे, घरात फक्त बायकोला माहीत आहे आणि रात्री डोळ्याला डोळा लागत नाही. 2019 च्या पावसाळ्यात मी याच जागी होतो. त्याआधी पाच महिने संडासवाटे रक्त जायचं आणि मी मूळव्याध समजून इसबगोल घेत होतो. डॉक्टरांनी आतून तपासलं नाही, मीही लाजेपोटी गप्प बसलो.

रिपोर्टला नऊ दिवस लागले, पुढे ऑपरेशनला तीन आठवडे. खरं सांगतो, ऑपरेशनपेक्षा ते नऊ दिवस जड गेले.

डोकं खाणारा प्रश्न एकच: तोवर पसरला तर? मी सर्जनना तोंडावर विचारलं. ते म्हणाले, आतड्यातला कॅन्सर बहुतेक वेळा साध्या पॉलिपपासून, म्हणजे आतड्याच्या आतल्या अस्तरावर येणाऱ्या छोट्या कोंबापासून होतो आणि त्याला वर्षं लागतात; दोन-तीन आठवड्यांनी सहसा फरक पडत नाही. उलट सीटी स्कॅन न करता घाई केली तर उपचारच चुकायचा. गाठ मोठ्या आतड्यात असेल तर बहुधा आधी ऑपरेशन. अगदी खाली, गुदाशयात असेल तर एमआरआय करून बऱ्याचदा आधी रेडिएशन आणि किमो देतात. मात्र पोट फुगलं, उलट्या सुरू झाल्या, गॅससुद्धा सरेना किंवा रक्त थांबेना, तर तारखेची वाट बघू नका. त्याच रात्री कॅज्युअल्टी गाठा.

रक्तात सीईए बघतात, म्हणजे या कॅन्सरमध्ये वाढू शकणारं एक प्रथिन. माझं नॉर्मल आलं म्हणून मेहुणा पेढे घेऊन आला. दोन दिवसांनी बायोप्सीत कॅन्सर निघाला, पेढे फ्रीजमध्ये तसेच. सीईए नॉर्मल असूनही कॅन्सर असू शकतो, आणि सिगारेट ओढणाऱ्याचं नुसतंच वाढलेलं असू शकतं. त्यावरून हसू नका, रडूही नका. हिमोग्लोबिन मात्र बघून घ्या. माझं 8 होतं. त्या तीन आठवड्यांत सलाइनमधून आयर्न दिलं, ते ऑपरेशनच्या वेळी कामी आलं.

हाताला काम हवं असेल तर फाइल लावा. लॅबकडून नुसता कागद नको, बायोप्सीच्या स्लाइड आणि गाठीचा तुकडा ज्यात जपून ठेवतात ते मेणाचे ब्लॉकही मागून घ्या. परळला टाटामध्ये गेलात तर ते स्वतः पुन्हा तपासतात. तिथे जनरल आणि प्रायव्हेट अशी वेगवेगळी नोंदणी असते, सकाळी लवकर जा. पैशाची अडचण असेल तर महात्मा फुले जन आरोग्य योजनेत असलेल्या हॉस्पिटलात आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या तिथल्या मदतनीसाला भेटा. रेशनकार्ड आणि आधार बरोबर ठेवा.

कोणाला सांगायचं? मी ऑफिसात फक्त साहेबांना सांगितलं, आईला 'आतड्याला गाठ आहे, काढायची आहे' एवढंच. तरी बातमी मावशीपर्यंत पोचली आणि गव्हांकुराच्या रसापासून गोमूत्रापर्यंत सगळं आलं. 'डॉक्टरांना विचारून सांगतो' हे वाक्य पाठ करून ठेवा, भांडण होत नाही.

रात्री तीनला गूगल करायचो, म्हणून बायकोने मोबाइल तांदळाच्या डब्यात टाकायला सुरुवात केली. मग उशाशी वही ठेवली. मनात येईल तो प्रश्न त्यात. पहिला प्रश्न होता, पोटावर संडासची पिशवी लागेल का, आणि लागलीच तर कायमची की थोडे महिने? हा तुम्हीही आधीच विचारा, ऑपरेशनच्या आदल्या रात्री नको.

आणि रिपोर्ट आणायला एकटे जाऊ नका. मी गेलो होतो. परतीच्या गाडीत खिडकी मिळाली, रिपोर्टचं पाकीट मांडीवर होतं. भांडुपला उतरायचं होतं. भानावर आलो तेव्हा ठाणं आलं होतं.