पॅशन फ्रूट: टिश्यू कल्चरची रोपं आणि संजीवकं

प्रश्न (सावंतवाडी तालुका): टिश्यू कल्चर केळीचा अनुभव चांगला आहे. आता अर्धा एकर पिवळं पॅशन फ्रूट लावायचं आहे. परसातला एक वेल दरवर्षी भरपूर धरतो. त्याच्याच कोंबांपासून प्रयोगशाळेत तीनशे रोपं करून घेऊ का?

उत्तर: एकाच वेलाची तीनशे रोपं करू नका. सगळे वेल मांडवभर पसरतील, फुलतील आणि फळ नावाला धरेल.

केळीला फळधारणेसाठी परागीकरण लागत नाही, म्हणून एका मातृवृक्षाची लाखभर रोपं लावली तरी घड पडतात. पिवळ्या पॅशन फ्रूटच्या फुलाला मात्र स्वतःच्या वेलाचे पराग चालत नाहीत. टिश्यू कल्चरची सगळी रोपं म्हणजे अनुवंशाने तोच एक वेल. त्यामुळे ह्या रोपाचे पराग त्या रोपाला दिले तरी उपयोग शून्य. तुमचा परसातला वेल धरतो, याचा अर्थ जवळपास दुसऱ्या बियांपासून आलेला वेल आहे. शेजाऱ्यांचं कुंपण एकदा नीट बघा.

टिश्यू कल्चर करायचंच असेल तर निदान चार-पाच वेगवेगळे मातृवेल निवडा. तेही एकमेकांना चालतात का, हे आधी तपासा, कारण दोन निराळे वेलसुद्धा कधी कधी जुळत नाहीत. पिवळ्याचं फूल दुपारी बाराच्या सुमारास उमलतं. एका वेलाचे पराग बोटाने किंवा मऊ ब्रशने दुसऱ्याच्या फुलातल्या तिन्ही स्त्रीकेसरांच्या टोकांना लावा आणि फुलाला दोरा बांधून ठेवा. जमलं तर काही दिवसांत फळाची गाठ फुगलेली दिसते, नाहीतर फूल गळून पडतं. असे जुळणारे वेल हाती आले की त्यांची रोपं सरमिसळ करून लावा, प्रत्येकाचा वेगळा पट्टा नको. परागीकरणाचं काम मुख्यतः मोठा काळा भुंगा करतो. तो वाळक्या लाकडात आणि बांबूत घर करतो, म्हणून मांडवाजवळचे जुने वासे लगेच जाळून टाकू नका. दुपारची कीटकनाशक फवारणी तर कटाक्षाने टाळा.

जांभळ्या जातीला ही अडचण सहसा येत नाही, ती स्वतःच्या परागावर धरते. पण ती थंड, उंचावरच्या हवेची. सावंतवाडीच्या उष्ण दमट हवेत पिवळीच बरी.

प्रश्न (निफाड तालुका): प्रयोगशाळेत बीएपी वापरून पॅशन फ्रूटच्या पानाच्या तुकड्यातून कोंब काढतात असं वाचलं. माझ्याकडे द्राक्षाचं सिक्स-बीए शिल्लक आहे. ते वेलावर फवारलं तर फुटवे वाढतील का?

उत्तर: बीएपी आणि सिक्स-बीए एकच, म्हणजे सायटोकायनिन गटातलं एक संजीवक (वाढ नियंत्रित करणारं द्रव्य), हे तुम्ही बरोबर ओळखलंत. फवारणीचं मात्र मनातून काढा.

कोंब फुटणार की मुळं, हे सायटोकायनिन आणि ऑक्सिन या दोन संजीवकांच्या प्रमाणावर ठरतं. स्कूग आणि मिलर यांनी १९५७ साली तंबाखूच्या ऊतींवर हे दाखवलं. सायटोकायनिन वरचढ झालं की कोंब येतात, ऑक्सिन वरचढ झालं की मुळं. पॅशन फ्रूटमध्ये पानाचा, खोडाचा किंवा कोवळ्या रोपाच्या दांड्याचा निर्जंतुक तुकडा लिटरला ३० ग्रॅम साखर असलेल्या पोषक माध्यमावर ठेवतात आणि त्यात लिटरला साधारण १ मिलिग्रॅम बीएपी घालतात. काही आठवड्यांत कापलेल्या कडेवर कोंबांच्या हिरव्या गाठी दिसतात. बीएपी जास्त झालं तर कोंब खुरटतात, काचेसारखे पाणीदार होतात आणि लांबत नाहीत. ते लांबावेत म्हणून काही प्रयोगशाळा माध्यमात नारळपाणीही घालतात. शिवाय हा वेल इथिलीन वायूला फार नाजूक. बंद बाटलीत वायू साठला की पानं पिवळी पडून गळतात, म्हणून हवा खेळती राहील अशी झाकणं वापरतात किंवा माध्यमात किंचित सिल्व्हर नायट्रेट घालतात. हेच माप दुसऱ्या जातीला लागू पडेलच असं नाही. पॅसिफ्लोराच्या, म्हणजे पॅशन फ्रूटच्या प्रजातीतल्या, प्रत्येक जातीची मात्रा निराळी बसवावी लागते.

हे सगळं मातृवेलापासून तोडलेल्या तुकड्याचं झालं. शेतातल्या वेलाचा शेंडा स्वतःच ऑक्सिन तयार करून बाजूचे डोळे दाबून ठेवतो. शेंडा खुडलात की डोळे फुटतात, आणि त्याला पैसे पडत नाहीत. फुलं नव्या फुटीवरच येतात, त्यामुळे तोडणीनंतरची छाटणी चुकवू नका. आणि ज्या औषधाच्या लेबलवर पॅशन फ्रूट नाही, ते पॅशन फ्रूटवर मारू नये.

संजीवक वापरायचंच असेल तर छाट कलमांसाठी आयबीए हे मुळं फोडणारं ऑक्सिन वापरा. तीन-चार डोळ्यांची, ना कोवळी ना जून अशी काडी घ्या आणि तिचं खालचं टोक आयबीएच्या पावडरीत बुडवून लावा. द्रावण स्वतः करणार असाल तर आयबीए आधी थोड्या अल्कोहोलमध्ये विरघळवा, नुसत्या पाण्यात ते नीट विरघळत नाही. पॅशन फ्रूटची काडी एरवीही मुळं धरते, आयबीएने ती लवकर आणि एकसारखी येतात.

प्रश्न: नर्सरीवाले "टिश्यू कल्चर म्हणजे व्हायरस येणारच नाही" असं सांगतात. खरं का?

उत्तर: नाही. शेंड्याच्या अगदी सूक्ष्म भागापासून वाढवलेलं आणि तपासलेलं रोप विषाणूमुक्त असू शकतं, पण विषाणूला प्रतिकार करणारं नसतं. शेतात लावल्यावर मावा पुन्हा विषाणू आणतो. ब्राझीलमध्ये चवळीच्या माव्यातून पसरणाऱ्या मोझॅक विषाणूमुळे फळं कठीण आणि वेडीवाकडी होतात, आणि त्यापायी तिथले कित्येक बागायतदार हे बहुवर्षायू पीक दरवर्षी नव्याने लावतात. खोडाच्या साध्या गाठीच्या (पेऱ्याच्या) तुकड्यापासून केलेली रोपं तर मातृवेलाचा विषाणू बरोबर घेऊनही येऊ शकतात.

म्हणून खरेदीआधी विषाणू तपासणीचा अहवाल मागा. प्रयोगशाळेला केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाच्या टिश्यू कल्चर प्रमाणीकरण योजनेची मान्यता आहे का, तेही विचारा. मातृवेल किती होते आणि रोपं गाठीच्या डोळ्यापासून केली की कॅलसमधून (कापलेल्या तुकड्यावर वाढणाऱ्या पेशींच्या गोळ्यातून), हे लेखी घ्या. कॅलसमधून आलेल्या रोपांत फरक पडण्याची शक्यता जास्त असते. जमिनीत सूत्रकृमी किंवा फ्युजेरियम बुरशीचा मर रोग असेल तर जांभळ्याचं टिश्यू कल्चर रोपही तग धरणार नाही. तिथे पिवळ्याच्या खुंटावरचं कलमच घ्या.