तिसऱ्यांदा गॅस भरण्याआधी: मुंबई परिसरातील एसी दुरुस्तीचा खर्च

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. नवी मुंबईतल्या ऐरोलीच्या घरात तीन वर्षांपूर्वी बसवलेल्या दीड टनाच्या इन्व्हर्टर स्प्लिट एसीत गेल्या दोन उन्हाळ्यांत दोनदा गॅस भरून झाला, प्रत्येक वेळी तीन हजारांच्या वर पैसे गेले आणि यंदाच्या मे महिन्यात खोली पुन्हा गार होईनाशी झाली आहे. एक मेकॅनिक पुन्हा गॅस भरा म्हणतो, दुसरा कॉइल, म्हणजे ज्यातून गॅस फिरतो तो नळ्यांचा संच, बदलण्याचे साडेनऊ हजार सांगतो, आणि घरच्यांचे म्हणणे नवीनच एसी घ्यावा असे आहे. माझे मत असे की तिसऱ्यांदा नुसता गॅस मुळीच भरून घेऊ नये. कॉइल बदलायची की नाही, हे गळती नेमकी कुठे आहे ते प्रत्यक्ष पाहिल्यावरच ठरवावे, आणि तीन वर्षांच्या यंत्रासाठी नव्या एसीचा विचार सध्या बाजूला ठेवावा.

एसीमधला गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही. तो बंद नळ्यांमधून फिरत राहतो आणि यंत्र सुस्थितीत असेल तर दहा-बारा वर्षे तोच गॅस पुरतो. ‘दर दोन वर्षांनी गॅस भरावाच लागतो’ असे कोणी सांगत असेल तर ते चुकीचे आहे. गॅस कमी झाला याचा अर्थ तो कुठून तरी बाहेर पडला. ती जागा न शोधता पुन्हा गॅस भरणे म्हणजे पंक्चर न काढता सायकलच्या ट्यूबमध्ये हवा भरत राहणे. आपल्याकडे एसी दुरुस्तीवर लोकांचे सर्वाधिक पैसे वाया जातात ते याच एका कामात, असे मला इतक्या वर्षांनंतर ठामपणे वाटते.

मुळात गॅस कमी आहे की नाही, हे तुम्ही घरीच बऱ्याच अंशी ताडून पाहू शकता. एसी अर्धा तास चालू ठेवून मग मेन स्विच बंद करा, इनडोअरचे, म्हणजे खोलीतल्या भागाचे, पुढचे झाकण उघडून जाळ्या काढा आणि आतली कॉइल टॉर्चच्या उजेडात पाहा. कॉइलच्या एका भागावर पांढरे हिम साचले आहे आणि उरलेला भाग कोरडा आहे, असे दिसले तर गॅस कमी असण्याची शक्यता मोठी आहे, कारण अपुरा गॅस कॉइलच्या सुरुवातीलाच उकळून संपतो. पुढच्या नळ्यांना गारवा मिळतच नाही. आउटडोअरपाशी, म्हणजे बाहेरच्या भागापाशी, दोन तांब्याच्या नळ्यांपैकी बारीक नळीवर बर्फ धरला असेल तर तीही तीच खूण आहे. याउलट कॉइल सगळीकडे सारखी ओली असेल आणि वारा मात्र मंद येत असेल, तर दोष बहुधा गॅसचा नसून ब्लोअरच्या पात्यांवर बसलेल्या चिकट मळाचा असतो आणि तो सहाशे-आठशे रुपयांच्या जेट सर्व्हिसमध्ये, म्हणजे जोरदार पाण्याच्या फवाऱ्याने धुण्यात, निघतो. आउटडोअरच्या जाळीत कबुतरांची पिसे आणि धूळ अडकली असेल तरी खोली गार होत नाही, आणि वीजबिल वाढते ते वेगळेच.

येथे दमट हवेचाही हिशेब धरायला हवा. दीड टनाच्या एसीची क्षमता साधारण सव्वापाच किलोवॅट असते. मे-जूनमध्ये असा एसी तासाला दीड लिटर पाणी ड्रेन पाइपमधून बाहेर टाकत असेल, तर हवेतल्या बाष्पाचे तेवढे पाणी करण्यातच त्याची सुमारे एक किलोवॅट, म्हणजे जवळजवळ पाचवा हिस्सा ताकद खर्च होते. त्यामुळे नागपूरच्या कोरड्या उन्हाळ्यात तोच एसी जेवढ्या थंड हवेचा झोत देईल तेवढा तो ऐरोलीत देणार नाही. झोत कमी थंड लागला म्हणून लगेच ‘गॅस उतरला’ असा निष्कर्ष काढू देऊ नका. पाण्याची धार नेहमीसारखी असेल तर एसी आपले काम करीत आहे.

आता गळतीविषयी. सर्वांत आधी तपासायची जागा म्हणजे नळ्यांची टोके जिथे नटांनी आवळलेली असतात ते फ्लेअरचे चार सांधे. बसवणाऱ्याने तांब्याच्या नळीचे टोक नीट पसरवले नसेल किंवा नट कमी-जास्त आवळला असेल, तर गॅस महिनोन्‌महिने थोडा थोडा जात राहतो. गॅसबरोबर कॉम्प्रेसरचे तेलही झिरपते, म्हणून गळणाऱ्या नटाभोवती तेलकट, काळसर धूळ चिकटलेली दिसते. त्यावर साबणाचा घट्ट फेस लावला की काही क्षणांत मोहरीएवढे बुडबुडे एकामागून एक फुगू लागतात. दोष येथे निघाला तर नवे फ्लेअर करून घेण्याचे काम चारशे ते हजार रुपयांत होते, कॉइलला हात लावण्याची गरजही पडत नाही. दोन वेळा गॅस भरताना हे चार सांधे कोणी तपासले होते का, हा प्रश्न तुम्ही दोन्ही मेकॅनिकांना विचारा.

सांधे कोरडे निघाले तर संशय कॉइलवर जातो, आणि तुमचे घर ऐरोलीत, खाडीजवळ आहे म्हणून तो मी हलका मानणार नाही. समुद्राची खारी हवा आउटडोअरच्या ॲल्युमिनियमच्या पापुद्र्यांना खाते, आणि खाडीच्या चिखलातून व उघड्या नाल्यांतून निघणारा हायड्रोजन सल्फाइड वायू तांब्याला काळे पाडून पोखरतो. तोच वायू पीसीबीवरच्या, म्हणजे एसीच्या इलेक्ट्रॉनिक सर्किटच्या पाटीवरच्या, तांब्याच्या रेघाही खातो, त्यामुळे अशा भागात पीसीबीही लवकर जातात. इनडोअर कॉइलचा शत्रू कित्येकदा घरातच असतो. नव्या फर्निचरचे प्लायवूड, त्याचा गोंद आणि काही सफाईची द्रावणे यांतून फॉर्मिक व ॲसिटिक आम्लांची वाफ सुटते. दमट हवेत ती तांब्यात मुंग्यांच्या वारुळासारखी सूक्ष्म भोके पाडते, जी डोळ्यांना दिसत नाहीत. एसी बसवला त्याच सुमारास घरात सुतारकाम झाले असेल तर हे कारण अवश्य लक्षात घ्या.

कॉइलची परीक्षा एकच खात्रीची. उरलेला गॅस रीतसर काढून घेऊन नळ्यांमध्ये नायट्रोजन साधारण ४०० पीएसआय (दाबाचे एकक) दाबाने भरायचा आणि दाबमापकाचा काटा किमान तासभर जागचा हलत नाही ना ते पाहायचे. इनडोअर आणि आउटडोअर वेगवेगळे तपासले की दोषी कोण ते ठरते. या कामाला सातशे ते पंधराशे रुपये पडतात, आणि ते साडेनऊ हजारांच्या निर्णयाआधी खर्च करण्याजोगेच आहेत. दाबासाठी ब्रेझिंगच्या (ज्योतीने नळ्या जोडण्याच्या) संचातला ऑक्सिजन कोणी वापरू लागला तर त्याला तिथेच थांबवा. कॉम्प्रेसरच्या तेलाशी दाबाखालचा ऑक्सिजन भिडला की स्फोट होऊ शकतो. तुमच्या एसीत बहुधा आर-३२ गॅस असेल. तो सौम्य ज्वलनशील आहे, म्हणून नळ्यांत गॅस असताना त्यांच्यावर ज्योत धरू देऊ नये.

दुरुस्तीनंतर नळ्यांतली हवा आणि बाष्प ओढून काढणारा व्हॅक्युम पंप लावला गेलाच पाहिजे. अनेक जण थोडा गॅस सोडून हवा बाहेर ढकलतात आणि काम झाले म्हणतात. आपल्या हवेत एवढे बाष्प असते की ते नळ्यांत राहिले तर कॉम्प्रेसरच्या तेलाशी मिसळून आम्ल तयार होते आणि दोन-तीन वर्षांत कॉम्प्रेसरच जातो. पंप किमान अर्धा तास चालावा, तो बंद केल्यावर काटा जागचा हलू नये. त्यानंतर गॅस वजनकाट्यावर तोलून, आउटडोअरच्या पाटीवर लिहिलेल्या ग्रॅमइतकाच भरावा. इन्व्हर्टर कॉम्प्रेसरचा वेग सतत बदलतो, त्यामुळे नुसता दाब पाहून भरलेला गॅस हा अंदाजच असतो. एवढे सगळे करून गॅस भरण्याचे अडीच ते चार हजार रुपये कोणी मागत असेल तर मी ते खुशीने देईन.

बाकीचे दर मुंबई, ठाणे आणि नवी मुंबईत माझ्या पाहण्यात साधारण असे आहेत. साध्या (इन्व्हर्टर नसलेल्या) एसीचा, मोटर सुरू करणारा कपॅसिटर मजुरीसह पाचशे ते नऊशे, इन्व्हर्टरच्या पीसीबीची दुरुस्ती दीड ते साडेतीन हजार, नवा पीसीबी चार ते दहा हजार, कॉइल पाच ते दहा हजार, आणि कॉम्प्रेसर आठ ते पंधरा हजार. आउटडोअर वरच्या मजल्यावर ग्रिलबाहेर असेल तर दोरावरच्या माणसाचे पैसे वेगळे लागतात, आणि तेथे सुरक्षा-पट्टा नसेल तर काम करू देऊ नये, मग कितीही घाई असो.

पैसे देण्याआधी वॉरंटीचे कार्ड काढा. काही कंपन्या कॉम्प्रेसरला दहा आणि पीसीबी व कंडेन्सर (आउटडोअरच्या) कॉइलला पाच वर्षे देतात, आणि तसे असेल तर तुमची आउटडोअर कॉइल फुकट बदलून मिळेल. गॅस आणि मजुरी बहुधा तुम्हालाच द्यावी लागेल, कारण पहिल्या वर्षानंतर ती सहसा वॉरंटीत नसते. खाऱ्या किंवा धातू खाणाऱ्या हवेने झालेले नुकसान वगळल्याचे कलमही काही कार्डांत असते, ते नीट वाचा.

कॉइल खरोखर गेली असेल आणि ती वॉरंटीत नसेल, तरीही तीन वर्षांच्या एसीसाठी साडेनऊ हजार देणे मला रास्त वाटते, मात्र त्यात गॅस, व्हॅक्युम आणि कॉइलची किमान वर्षाची लेखी हमी धरलेली असावी. तोच एसी दहा वर्षांचा, आर-२२ गॅसचा असता तर मी उलट सल्ला दिला असता. ओझोनच्या थराचे रक्षण करणाऱ्या मॉन्ट्रियल करारानुसार त्या गॅसचा आपल्याकडचा वापर २०३० पर्यंत जवळजवळ थांबणार आहे आणि जुन्या यंत्राचा वीजखर्चही जास्त असतो. बिलावर गळतीची जागा, नायट्रोजनचा दाब, भरलेल्या गॅसचे नाव आणि ग्रॅममधले वजन लिहून घ्या. हे लिहायला जो मेकॅनिक तयार होईल, त्याला काम द्या.