गुडघ्याच्या संधिवातावर स्टेम सेलचं इंजेक्शन घ्यावं का? गादी खरंच पुन्हा तयार होते का?

आईंच्या एक्स-रेमध्ये गुडघ्याच्या दोन हाडांमधला गॅप कमी झालाय आणि ‘स्टेम सेलने गादी नव्याने तयार होईल, ऑपरेशन टळेल’ असं सांगितलंय, असं तुम्ही लिहिलंय. मी फिजिओथेरपिस्ट आहे, गुडघेदुखीचे पेशंट रोज पाहते. दुखणं कदाचित थोडं कमी होईल, पण नव्या गादीच्या भरवशावर पैसे घालू नका.

गादी म्हणजे हाडांच्या टोकांवरची गुळगुळीत कूर्चा. तिला रक्तपुरवठाच नसतो, त्यामुळे एकदा झिजली की ती भरून येत नाही. स्टेम सेल म्हणजे ज्यांच्यापासून वेगवेगळ्या प्रकारच्या पेशी बनू शकतात अशा मूळ पेशी; त्या तिथे जाऊन नवी कूर्चा बनवतील अशी मूळ कल्पना होती. पण सांध्यात सोडलेल्या बहुतेक पेशी फार काळ टिकत नाहीत. त्या जी द्रव्यं सोडतात, त्यांनी सूज उतरत असावी, असं आता मानलं जातं.

शिवाय इंजेक्शनमध्ये नेमकं काय आहे, हे विचाराच. अनेकदा कमरेच्या हाडातून बोनमॅरो (हाडाच्या आतला मगज) काढतात, मशीनमध्ये फिरवून घट्ट करतात आणि त्याच दिवशी गुडघ्यात सोडतात. बोनमॅरोत १०,००० पेशींमागे जेमतेम एक स्टेम सेल असते.

२०१७ साली अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या डॉक्टरांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. २५ जण, सगळ्यांचे दोन्ही गुडघे दुखणारे. एका गुडघ्यात बोनमॅरोचं इंजेक्शन दिलं, दुसऱ्यात नुसतं सलाइन. कुठल्यात काय, ते पेशंटना माहीत नव्हतं. आराम दोन्ही गुडघ्यांना जवळपास सारखाच पडला! म्हणून ‘अमक्याला फरक पडला’ एवढ्यावर मी निर्णय घेऊ देत नाही. पुढे २०२३ मध्ये चारशेहून जास्त पेशंटचा मोठा अभ्यास आला. त्यात बोनमॅरो, पोटाची चरबी आणि नाळ अशा तिन्हींपासूनच्या पेशी साध्या स्टिरॉइड इंजेक्शनशी ताडून पाहिल्या. वर्षभरानंतर एकही सरस ठरली नाही.

तरी घ्यायचंच असेल, तर रीतसर क्लिनिकल ट्रायलमध्ये (उपचार तपासणाऱ्या अधिकृत अभ्यासात) घ्या आणि त्यात भाग घेण्याचे पैसे मागितले तर सावध व्हा. तोवर आईंच्या मांड्यांचे स्नायू बळकट करा. खुर्चीत बसून एक पाय सरळ करायचा, मांडी आवळून पाच आकडे मोजायचे, मग हळूहळू खाली. वजन जास्त असेल तर तेही बघा: एक किलो उतरलं की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार साधारण चार किलोंनी कमी होतो. एवढं करूनही रात्री दुखण्याने झोप मोडत असेल, तर सांधा बदलण्याबद्दल ऑर्थोपेडिक सर्जनशी बोला. स्टेम सेलच्या आशेवर ते वर्षानुवर्षं पुढे ढकलू नका, कारण तोवर पाय वाकतो आणि मांडीचे स्नायूही सुकत जातात.