वस्त्यांमध्ये मुलांसाठी नाटक-चित्रकलेचे उपक्रम चालवून खरंच काही होतं का, की नुसते फोटो काढण्यापुरतं?

दोन्ही होतं. विषय कोण ठरवतं, यावर बरंच अवलंबून आहे.

ठाण्यात २०१४ साली नाटककार रत्नाकर मतकरींनी समता विचार प्रसारक संस्थेसोबत ‘वंचितांचा रंगमंच’ सुरू केला. वस्तीतल्या मुलांनी आपल्याच जगण्यातले विषय घ्यायचे, नाटिका आपणच बसवायच्या, हा त्यातला गाभा. मतकरी २०२० मध्ये गेले, पण हा नमुना अजूनही बघण्यासारखा आहे. नाहीतर मोठ्यांनी लिहिलेलं ‘दारू वाईट’ छापाचं पथनाट्य पोरांकडून घोकून घेणं सोपंच असतं. पाहुणे टाळ्या वाजवतात आणि विषय तिथेच संपतो.

दुसरं उदाहरण धारावीचं. बायका-मुलांच्या आरोग्यावर काम करणाऱ्या ‘स्नेहा’ संस्थेने तिथे रहिवाशांना घेऊन कार्यशाळा केल्या आणि २०१५ मध्ये ‘ॲली गल्ली बिएनाले’ हा कलामहोत्सव भरवला. त्या कामात बायकांनी धारावीचा कापडी नकाशा शिवला आणि बायकांवर हिंसा कुठे कुठे होते, ते त्यावर दाखवलं. सर्वेक्षणाचा फॉर्म घेऊन गेलात तर हे कोण सांगणार? चार जणी शिवायला बसल्या की मात्र बोलणं निघतं.

स्वतः काही सुरू करणार असाल तर आधी नळाची वेळ विचारा. पाणी यायच्या वेळी तालीम ठेवलीत तर मुली येणारच नाहीत. आणि समाजमंदिराची खोली निदान सहा महिने मिळेल, असं आधी पक्कं करून घ्या.